मेणबत्ती विझल्यानंतरचं पाणी

सभा अकराची होती, म्हणून आबा दहापासूनच अध्यक्षस्थानी बसले होते. अध्यक्षस्थान म्हणजे बालघरातली मोठ्या माणसांची एकुलती एक खुर्ची. बाकीच्या खुर्च्या फूटभर उंचीच्या. त्यातल्या एकीवर निकिताचे बाबा, म्हणजे अभय, गुडघे कानाशी घेऊन बसले होते. सहा फुटांचा माणूस फूटभर खुर्चीवर बसला की त्याच्या मताला वजन राहत नाही, हे निकिताला त्या रविवारी पहिल्यांदाच दिसलं.

"इतिवृत्त कोण लिहितंय?" आबांनी विचारलं.

"मीच. दोन वर्षं मीच लिहितेय, आबा," निकिता म्हणाली.

"विचारावं लागतं. पद्धत आहे."

पद्धत पणजोबा महिपतींची. छप्पन साली दीक्षा घेऊन ते नागपूरहून परतले आणि खडकीच्या दोन खोल्यांत त्यांनी जाहीर केलं की यापुढे या घरात कुणी मोठा म्हणून त्याचं ऐकायचं, हे बंद. यापुढे ठराव होतील. सूचक, अनुमोदक, मतदान. तेव्हापासून या घरातली लग्नं, बदल्या, फ्लॅट, सगळं बहुमतानं होत आलं होतं. आबांची मिशीसुद्धा तीन विरुद्ध दोन मतांनी गेली होती. आबांनी निकाल मान्य करून त्याच दुपारी वस्तरा घेतला.

मत द्यायला अठरा वर्षं पूर्ण लागत. निकिता पंधराची होती. पण बोलायला वयाची अट नव्हती, आणि नियमावलीतली ही त्रुटी यंदा घरातल्या प्रत्येकाच्या लक्षात आली होती. डिसेंबरात आंतरशालेय विज्ञान प्रदर्शनात निकिताचा दुसरा नंबर आला होता. तेव्हापासून तिला सगळ्या प्रश्नांची उत्तरं येत होती. जी येत नव्हती तीही बाहेर पडत होती.

"विषय पहिला आणि शेवटचा," आबा म्हणाले. "बालघर पुढे कुणी चालवायचं."

सगळ्यांनी आजीच्या गुडघ्यांकडे पाहिलं. त्या गुडघ्यांवरच सगळं आलं होतं. कोथरूडच्या या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत आजीनं छत्तीस वर्षं बालघर चालवलं होतं. पहिल्या तुकडीत सात मुलं होती आणि त्यातलं एक तिचं स्वतःचं, तीन वर्षांची रुपाली. बालघरात आई म्हणायचं नाही असा नियम होता, त्यामुळे तेव्हापासून घरात आणि सोसायटीत सगळेच आजीला शैलाताई म्हणत. बालघरात सगळं काम जमिनीवर. मूल चटई पसरणार, शैलाताई शेजारी मांडी घालून बसणार. पण गेल्या महिन्यात बसलेल्या शैलाताईंना उठवायला हिरा आणि शंभू अशी दोन माणसं लागली. हिरा पाच वर्षांची, शंभू साडेचारचा. उठल्यावर शैलाताई म्हणाल्या, "एप्रिलनंतर मी बस करते," आणि मुलांना डबे काढायला सांगितलं.

"मी मत देणार नाही," त्या आता भिंतीला टेकलेल्या स्टुलावरून म्हणाल्या. "छत्तीस वर्षं मी कुणाला बरोबर-चूक सांगितलं नाही. आता कशाला सवय मोडू?"

"नोंद घ्या," आबा म्हणाले. निकितानं नोंद घेतली.

"मी मांडते," चैताली म्हणाली आणि फाइल उघडली.

चैताली निकिताची आई. सतरा वर्षं हिंजवडीला नोकरी केल्यावर नोव्हेंबरात कंपनीनं तिच्या अख्ख्या टीमला एका मीटिंगमध्ये बोलावलं होतं आणि मीटिंग नऊ मिनिटांत संपली होती. त्याआधीच तिनं शनिवार-रविवार जाऊन माँटेसरीचा दीड वर्षाचा डिप्लोमा पूर्ण केला होता. आता तिच्याकडे डिप्लोमा होता, मोकळा वेळ होता, आणि त्यांच्या वाकडच्या सोसायटीच्या क्लबहाउसमधला एसी हॉल मिळत होता.

"बालघर तिकडे शिफ्ट करू. नाव 'लिटल लॅब'. सायन्सवर फोकस. आठवड्याला चार ॲक्टिव्हिटीज, प्रत्येक मुलाचा रिपोर्ट ॲपवर. पेरेंट्सना हेच हवंय. इथे सात मुलं उरलीत, शैलाताई. पार्किंग नाही, सर्टिफाइड टीचर नाही."

शेवटचे तीन शब्द ती फाइलकडे बघून बोलली. रुपाली खिडकीपाशी मुलांचे पाणी ओतायचे छोटे जग पुसत होती. तिनं एक जग पुसून ठेवला आणि दुसरा घेतला.

"आणि रुपाली?" आबांनी विचारलं.

"रुपाली असणारच ना. असिस्टंट म्हणून. मी तिला कुठे नको म्हणतेय?"

अकरा वर्षांपूर्वी रुपाली हडपसरचं सासर सोडून एका बॅगेनिशी परत आली. त्या सभेत ठरावाची गरजच पडली नव्हती, आबांनी दार उघडलं आणि सभा बरखास्त केली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बालघरात येऊन बसली ती आजतागायत. तिच्याकडे बी.कॉम. होतं. डिप्लोमा नव्हता. सात मुलांपैकी कोण आज रडणार हे तिला त्यांच्या चपला बघून कळायचं, पण त्याचं प्रमाणपत्र कुणी देत नाही. निकिता लहानपणी सुट्टीत इथेच असायची. आत्यानंच तिला सुरी धरायला, काकडी कापायला आणि कापताना गप्प बसायला शिकवलं. त्यातलं तिसरं टिकलं नाही.

"रुपाली, तुला काय म्हणायचंय?" आबा.

"काही नाही, आबा."

"काहीतरी म्हणावं लागेल. उमेदवार आहेस."

"मला बालघर हवंय," रुपाली म्हणाली. "इथेच. एवढंच."

"कारण?"

रुपालीनं जग खाली ठेवला. "कारण मला दुसरं काही येत नाही."

हे तिनं इतक्या सरळपणे सांगितलं की क्षणभर कुणाला बाजूही घेता येईना. मग अभयनं घसा साफ केला. "म्हणजे बघ रुपा, तू छानच करतेस. पण उद्या कुणी पालकानं विचारलं की टीचरचं क्वालिफिकेशन काय, तर? मी इंजिनिअर आहे. मी डिग्री नसलेल्याकडून पूल बांधून घेईन का?"

"तू पूल बांधतोस का, अभय?" शैलाताईंनी विचारलं.

"नाही. सॉफ्टवेअर."

"मग राहू दे."

निकितानं मनातल्या मनात मतं मोजली. आई स्वतःला देणार. बाबा आईला देणार, कारण त्यांना आईबरोबर गाडीतून वाकडला परत जायचं होतं. आत्याचं एक. आबा फक्त समसमान झाल्यावर. म्हणजे दोन विरुद्ध एक. आत्या हरणार. पंधरा मिनिटांत आत्या तिच्याच बालघरात असिस्टंट होणार.

आई ही आई होती, हे मान्य. नोव्हेंबरपासून आई रोज सकाळी ऑफिसचे कपडे घालून डायनिंग टेबलाशी बसायची, हेही निकितानं पाहिलं होतं. पण आत्याचे हात खिडकीपाशी नुसतेच थांबले होते, आणि ते बघवत नव्हतं.

"सूचना आहे," निकिता म्हणाली.

"निकू, तू लिही," चैताली म्हणाली.

"बोलायला वयाची अट नाही. आबा, कलम चार."

"बरोबर आहे," आबा नाइलाजानं म्हणाले.

"शिकवायचंय ना? मग दोघींनी शिकवून दाखवावं. आत्ता. मुलांना. मग मतदान."

आबांनी शैलाताईंकडे पाहिलं. शैलाताईंनी छताकडे पाहिलं, याचा अर्थ त्यांना सूचना आवडली होती. चैतालीला तर फारच आवडली. तिचं किट गाडीच्या डिकीतच होतं.

*

हिरा दुसऱ्या मजल्यावरून आली आणि शंभू समोरच्या इमारतीतून. शंभूच्या तोंडात खडू होता. तो रुपालीनं काहीही न बोलता हात पुढे करून काढून घेतला.

चैतालीनं शंभूला घेतलं. किट देखणं होतं. निळा पारदर्शक टब, आठ वस्तू, आठ कप्पे, आणि 'बुडते' व 'तरंगते' अशी लॅमिनेट केलेली दोन कार्डं. तिनं चटई पसरली, नीट. साडी असूनही मांडी घातली, नीट. शंभूच्या उजवीकडे बसली, जसं बसायचं असतं. निकिताला मान्य करावं लागलं की आई चांगली शिकवत होती.

शंभूनं बूच टाकलं. तरंगलं.

"व्हेरी गुड!"

शैलाताईंनी डोळे मिटले.

शंभूनं गोटी टाकली. बुडाली.

"व्हेरी गुड, शंभू! वॉव!"

अभयनं टाळ्या वाजवल्या. बालघरात टाळ्या वाजवत नाहीत. शाबास, छान, हुशार हे शब्दही नाहीत. लहानपणी निकिताला वाटायचं आजी कंजूष आहे. तिसऱ्या वस्तूनंतर तिला एक गोष्ट दिसली, आणि दिसल्यावर ती न दिसल्यासारखी करता येईना. शंभू आता टबाकडे बघतच नव्हता. चमचा हातात धरून तो चैतालीच्या चेहऱ्याकडे बघत होता, कारण उत्तर पाण्याच्या आधी तिथे उमटायचं. भुवया वर गेल्या की तो चमचा 'बुडते' कार्डाकडे न्यायचा. आठही वस्तू बरोबर आल्या. शंभू पाण्याकडे दोनदा बघून उठला.

"फुल मार्क्स," अभय म्हणाला.

"अकरा वेळा व्हेरी गुड," शैलाताई म्हणाल्या. "नोंद घ्यायची गरज नाही, मी नुसतं सांगितलं."

मग रुपाली. तिनं स्वयंपाकघरातून एक ट्रे आणला. त्यात खोलगट ताटली, चहाचा जाड काचेचा ग्लास, ठेंगणी मेणबत्ती, काडेपेटी आणि आमसुलाचं लाल पाणी. हिरा चटईवर बसली. रुपाली बसली. कुणीच काही बोललं नाही.

रुपालीनं मेणबत्ती ताटलीत मधोमध चिकटवली. लाल पाणी ओतलं, थेंब न सांडता. काडी ओढली. हे सगळं ती इतकं सावकाश करत होती की अभयनं दोनदा घड्याळ पाहिलं आणि दुसऱ्या वेळी पाहता पाहता विसरला. तिनं ग्लास उपडा केला आणि जळत्या मेणबत्तीवर ठेवला. ज्योत बारीक झाली. विझली. आणि ताटलीतलं लाल पाणी आपलं आपण ग्लासात वर चढलं.

हिरानं श्वास घेतला. तो सगळ्यांना ऐकू आला.

रुपाली काही बोलली नाही. ती हिराकडे नाही, ग्लासाकडे बघत होती. खोलीत असली शांतता होती की बाहेर कुणीतरी स्कूटर स्टँडवर लावल्याचं कळलं. एखादं मूल आतून विचार करतंय तेव्हा बालघरात जी शांतता होते ती. छत्तीस वर्षं हे बालघर त्या शांततेवरच चाललं होतं, आणि आत्या हे सगळ्यांसमोर दाखवत होती, जिंकत होती, आणि निकिताचा आनंद पोटातून घशात आला, घशातून—

"ऑक्सिजन संपला!" निकिता ओरडली. "ऑक्सिजन जळून गेला, जागा रिकामी झाली, म्हणून पाणी वर चढलं! एकवीस टक्के!"

स्कूटरवाला जिना चढून गेला.

"करेक्ट," अभय म्हणाला.

"अगदी शास्त्रीय," आबा म्हणाले. "प्राणवायू."

"एकवीस टक्के," चैताली म्हणाली. तिचा आवाज मऊ होता, कारण उत्तर मुलीनं दिलं होतं आणि नुकसान नणंदेचं झालं होतं.

निकितानं आत्याकडे पाहिलं. रुपाली रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त डोळे खाली केले, हातातून कुणी भांडं काढून घेतल्यावर करतात तसे. आपणच मागितलेली परीक्षा आपणच उधळली, हे निकिताच्या कानापर्यंत गरम होऊन पोचलं.

"नाही," हिरा म्हणाली.

"काय नाही, बाळ?" आबा वाकले.

"आधी बुडबुडे आले. मग विझली. मग पाणी आलं."

"हो ना, तेच ते. ऑक्सिजन हळूहळू संपतो," अभय समजावू लागला, "आणि जसजसा संपतो तसतसं पाणी—"

"नाही," हिरा म्हणाली. "जळत होती तेव्हा पाणी खालीच होतं."

"तुला तसं दिसलं असेल. पण आत काय होतं, तर ऑक्सिजनचे जे रेणू असतात—"

"हिला पाच वर्षं झालीत, अभय."

"म्हणूनच सोपं करून सांगतोय, आबा."

सगळे एकदम सांगू लागले. अभय रेणू सांगत होता, आबा निर्वात पोकळी, चैताली मोबाइलवर व्हिडिओ शोधत होती. हिरा एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. रुपालीनं हात पुढे केला, ग्लास उचलला, पुसला आणि हिराच्या पुढ्यात ठेवला. मेणबत्ती पुन्हा लावली.

शैलाताई म्हणाल्या, "चैताली, मोबाइल टोपलीत. आणि बुद्धवंदनेत रोज 'या आणि पाहा' म्हणता ना सगळे? मग या. पाहा."

आले. आबासुद्धा खुर्चीतून उठून आले. हिरानं ग्लास उपडा ठेवला. काठाखालून बुडबुडे आले, टपटप. ज्योत बारीक झाली. पाणी खालीच. ज्योत विझली, धुराची रेघ उठली. आणि मग, सगळं संपल्यावर, पाणी सर्रकन वर.

"पुन्हा," अभय म्हणाला.

पुन्हा केलं. सहाव्या वेळी अभय पोटावर झोपून ताटलीच्या काठाशी डोळा लावून बघत होता. "ऑक्सिजनच असेल तर जळतानाच चढायला पाहिजे," तो म्हणाला. "आणि बुडबुडे बाहेर का येतात? आत पोकळी होतेय तर बाहेर काय येतंय?" थोड्या वेळानं त्यानं मान वर केली. "रुपा, का चढतं गं?"

"माहीत नाही, दादा."

"असं कसं? तू दरवर्षी करतेस हे."

रुपालीनं ताटलीतलं सांडलेलं पाणी फडक्यानं टिपलं. मग फडकं घडी करून ठेवलं. "मुलांना मी कधी काही सांगत नाही. पण पालक विचारायचे. त्यांना मी अकरा वर्षं ऑक्सिजनच सांगितला." तिनं हिराकडे पाहिलं. "मुलंही कधीतरी म्हणायची, ताई, विझल्यावर आलं. मला वाटायचं त्यांचं लक्ष नसेल."

अशी कबुली मतदानाच्या दहा मिनिटं आधी देऊ नये, हे निकितालासुद्धा कळत होतं. अभयनंही नेमकं तेच हेरलं. "हं. म्हणजे मी मघाशी म्हणत होतो ते हेच," तो जमिनीवरून म्हणाला. "ट्रेनिंग असतं तर—"

"थांब," चैताली म्हणाली.

तिनं फाइल घेतली, त्यातून डिप्लोमाचं जाडजूड मॅन्युअल काढलं आणि पानं उलटली. बराच वेळ एका पानाकडे बघत राहिली.

"पान अठ्ठ्याण्णव," ती शेवटी म्हणाली. "'ऑक्सिजन संपल्यामुळे पाणी वर चढते.' चौकटीत. बाजूला बल्बचं चित्र." तिनं मॅन्युअल मिटलं. "परीक्षेत मला या प्रश्नाला पैकीच्या पैकी आहेत."

"माझ्या क्लासच्या नोट्समध्येही हेच आहे," निकिता म्हणाली. आवाज तिचाच होता, पण नेहमीपेक्षा बराच खाली.

"मी तर जिल्हा परिषदेच्या शाळांतून भाषणात सांगितलंय," आबा म्हणाले. "दोनशे शाळा असतील." ते खुर्चीकडे जायला निघाले आणि गेले नाहीत.

तोवर अभयनं ग्लास उचलला होता आणि लगेच खाली ठेवून बोटं झटकली होती. "गरम आहे रे हा!"

चैतालीनं ग्लासाच्या बुडाला बोट लावलं. काढलं. पुन्हा लावलं. निकितानं आईचा हा चेहरा पूर्वी पाहिला होता, घरून काम करताना, कोडमधली चूक सापडायच्या आधीचा. नोव्हेंबरपासून पाहिला नव्हता.

"मेणबत्ती नकोच," चैताली म्हणाली. "रुपाली, उकळतं पाणी आहे?"

"चहाचं ठेवलंय."

गरम पाण्यानं ग्लास विसळला. चैतालीनं तो फडक्यात धरून लाल पाण्यात उपडा ठेवला. आत मेणबत्ती नाही, ज्योत नाही, जळायला काहीच नाही. हिरा, अभय, आबा, रुपाली, सगळे ताटलीभोवती वाकले. शंभू अभयच्या पाठीवर बसला.

पाणी चढलं. यावेळी सावकाश, पण चढलं.

"ऑक्सिजन आतच आहे," चैताली म्हणाली. "सगळाच्या सगळा. आणि तरी चढलं." मग जरा वेळानं, जवळजवळ स्वतःशी, "हवा तापली, फुगली, बुडबुडे होऊन बाहेर गेली. विझल्यावर गार झाली, आक्रसली."

"बुडबुडे," हिरा म्हणाली. तिनं हे मघाशीच सांगितलं होतं. पुन्हा सांगावं लागतंय याचा तिला कंटाळा आला होता.

*

"मतदान," आबा म्हणाले. साडेबारा वाजून गेले होते. आतून वरणाचा वास येत होता.

"आधी इतिवृत्त," निकिता म्हणाली आणि उभी राहिली. "'रुपाली यांच्या सादरीकरणात निकिता हिने परवानगी न घेता मध्येच उत्तर दिले. उत्तर चुकीचे होते. रुपाली यांचे सादरीकरण त्यामुळे अपूर्ण राहिले. सभेने मत देताना ही बाब ध्यानात घ्यावी.'"

"'चुकीचे' खोडा," आबा म्हणाले. "इतिवृत्तात अभिप्राय नसतो."

"अभिप्राय नाही, आबा. पाहिलंय सगळ्यांनी."

आबांनी विचार केला. "राहू दे."

रुपालीनं तिच्याकडे पाहिलं आणि हसली नाही. फक्त आपल्या शेजारची चटई जरा सरकवून जागा केली. निकिता तिथे जाऊन बसली.

"चैताली यांच्या बाजूनं?"

चैतालीनं हात वर केला. सरळ, खांद्यापासून. "मी स्वतःला मत देतेय, कारण मला हे हवंय," ती म्हणाली. "मला कामाची गरज आहे, आणि मी हे चांगलं करेन. उगाच मोठेपणा दाखवणार नाही."

"नोंद घ्या. रुपाली यांच्या बाजूनं?"

रुपालीचा हात वर झाला. फारसा नाही. कोपर मांडीवरच होतं.

"आणि मी," अभय म्हणाला.

तो अजून पोटावरच पडलेला होता, पाठीवर शंभू, त्यामुळे हात कुणाचा हे कळायला एक क्षण गेला. चैतालीनं मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. तो हात तसाच जमिनीपासून वीतभर वर होता.

"तू शिकवत होतीस तेव्हा मला सगळं येत होतं," अभय म्हणाला. "हिच्या वेळी मला काहीच येईना. मी तासभर इथून हललो नाही, चैताली. मी ऑफिसातसुद्धा तासभर एका जागी नसतो."

"शेवटी ते शोधलं कुणी?"

"तूच. पण तिच्या चटईवर. तुझ्या किटमध्ये शोधायला काही नव्हतंच."

"हे तू मला गाडीत सांगू शकला असतास."

"गाडीत मतदान नसतं."

"दोन विरुद्ध एक," आबा म्हणाले. "बालघर रुपालीकडे, याच जागी. ठराव मंजूर." आणि महिपतींच्या पद्धतीप्रमाणे त्यांनी हरलेल्या बाजूकडे वळून हात जोडले. "चैताली, जयभीम."

"जयभीम, आबा," चैताली म्हणाली आणि टबातलं पाणी ओतायला उठली.

शैलाताईंनी कमरेची किल्ली काढली आणि रुपालीच्या पुढ्यात, ट्रेमध्ये, काडेपेटीशेजारी ठेवली. मग अभयला म्हणाल्या, "उठ आता. पानं घ्यायचीत," आणि स्वतः उठायला हात पुढे केला. अभयनं उठवलं. दोघेही कण्हले.

रुपालीनं किल्ली उचलली नाही. ती मोरीच्या दारात उभ्या चैतालीकडे बघत होती. चैताली आठ वस्तू पुसून आठ कप्प्यांत भरत होती, आणि बूच कुठल्या कप्प्यातलं ते तिला आठवत नव्हतं.

"वहिनी, ते मॅन्युअल ठेवून जाशील?"

"कशाला? चुकीचं आहे ते."

"एक पान चुकीचं आहे. किती पानं आहेत?"

"एकशे चाळीस."

"मग बाकीची करून बघायला हवीत. मला ती एकटीला कळायची नाहीत. आणि तू आज जे केलंस ना, मेणबत्ती काढून टाकायचं, ते मला अकरा वर्षांत सुचलं नाही."

चैतालीनं बूच हातात फिरवलं. "असिस्टंट म्हणून?" तिनं विचारलं. आवाजात काही नव्हतं, नुसता प्रश्न.

"इथे असिस्टंट नसतं कुणी," रुपाली म्हणाली. "इथे मूल असतं आणि शेजारी बसणारं माणूस असतं. माणसं दोन चालतात."

"शनिवार?"

"सोमवार. साडेआठ. मुलं नऊला येतात."

"हिंजवडीचं ट्रॅफिक उलट्या बाजूला असतं," चैताली म्हणाली. "आठ वीसपर्यंत पोचेन."

आतून ताटांचा आवाज येऊ लागला. आबांनी सभा बरखास्त झाल्याचं दोनदा जाहीर केलं, पण चैताली पुन्हा चटईवर येऊन बसली होती आणि तिनं मॅन्युअल पहिल्या पानावर उघडलं होतं. रुपालीनं रिकामा ग्लास पुसला. हिरा आणि शंभू दोन्ही बाजूंना मांडी घालून बसले.

"पान एक," चैतालीनं वाचलं. "पाण्याला स्वतःचा आकार असतो का?"

निकिताला उत्तर येत होतं. तिनं इतिवृत्ताची वही मिटली, पेनाला टोपण लावलं आणि ती काहीच बोलली नाही. ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.